अपील म्हणजे ओझे नव्हे

भारताचे सर्वोच्च न्यायालय जामीन, भाडेकरू, नोकरीतील बढती आणि भावाभावांतील वाटणी यांच्या अपिलांखाली दबून गेले आहे, तेव्हा ही अपिले त्याच्याकडून काढून घ्यावीत, एखाद्या राष्ट्रीय अपील न्यायालयाकडे सोपवावीत आणि दिल्लीतील न्यायमूर्तींना केवळ संविधानाच्या अन्वयार्थासाठी मोकळे ठेवावे, हे मत गेली चार दशके विधिज्ञांच्या परिषदांत, आयोगांच्या अहवालांत आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत इतक्या वेळा मांडले गेले आहे की त्याला आता पुराव्याची गरज आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. या मतामागे विद्वत्ता आहे आणि तळमळही आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली कल्पना चुकीची आहे, आणि तिचे परिणाम ज्यांना भोगावे लागतील ती माणसे या परिषदांत बसलेली नसतात.

मताची वंशावळ मोठी आहे. विधी आयोगाच्या १९८४ च्या ९५ व्या अहवालाने सर्वोच्च न्यायालयाचे संविधानिक आणि इतर कायदेविषयक असे दोन विभाग करण्याची शिफारस केली. १९८६ मध्ये बिहार लीगल सपोर्ट सोसायटीच्या प्रकरणात खुद्द घटनापीठानेच राष्ट्रीय अपील न्यायालय असणे इष्ट ठरेल असे म्हटले. २००९ च्या २२९ व्या अहवालाने दिल्लीत घटनापीठ ठेवून उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा चार विभागांसाठी कॅसेशन पीठे, म्हणजे उच्च न्यायालयांच्या निकालांवरील अपिले अंतिमतः निकाली काढणारी पीठे, स्थापावीत असे सुचवले. त्यांतले एक मुंबईत असावे असेही त्यात होते. २०१० मध्ये ज्येष्ठ विधिज्ञ के. के. वेणुगोपाल यांनी चार प्रादेशिक अपील न्यायालयांची योजना मांडली, आणि जुलै २०१६ मध्ये हा सारा प्रश्न घटनापीठाकडे सोपवला गेला. या सर्वांतून निघणारा पूर्वपक्ष नेमका असा आहे: संविधानिक प्रश्न आणि सामान्य अपिले या दोन भिन्न जाती आहेत, दुसरीने पहिलीची जागा बळकावली आहे, जगातील प्रगत देशांनी या दोहोंची फारकत केली आहे, आणि दिल्ली दूर असल्यामुळे सामान्य माणसाचेही हित विभागीय अपील न्यायालयातच आहे. यांतील एकही विधान तपासणीला टिकत नाही.

प्रथम अपिलीय अधिकारिता म्हणजे काय हे स्पष्ट असले पाहिजे. खालच्या न्यायालयाचा निकाल वरच्या न्यायालयाने तपासून तो कायम करण्याचा, बदलण्याचा वा रद्द करण्याचा जो अधिकार, ती अपिलीय अधिकारिता. अनुच्छेद १३२ नुसार संविधानाच्या अन्वयार्थाचा महत्त्वाचा प्रश्न असल्याचा दाखला उच्च न्यायालयाने दिला तर अपील करता येते. अनुच्छेद १३३ दिवाणी आणि १३४ फौजदारी अपिलांसंबंधी आहे. उच्च न्यायालयाने आरोपीची सुटका रद्द करून त्याला फाशी सुनावली असेल तर त्याला कोणाच्याही दाखल्यावाचून, हक्क म्हणून अपील करता येते, आणि १९७० च्या कायद्याने हा हक्क जन्मठेप किंवा दहा वर्षांपेक्षा कमी नसलेल्या कारावासापर्यंत वाढवला. या सर्वांच्या पलीकडे आहे अनुच्छेद १३६: देशातील कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या कोणत्याही निर्णयावर, सशस्त्र सेनांविषयक कायद्यांखालील न्यायालये तेवढी वगळून, अपील करण्याची विशेष अनुमती सर्वोच्च न्यायालय स्वविवेकाने देऊ शकते. वकिलांच्या बोलण्यातली एसएलपी ती हीच. ती मिळणे हा हक्क नाही, आणि हा अधिकार जपून, अपवादात्मक परिस्थितीतच वापरायचा हे न्यायालयाने १९५० मध्ये, स्थापनेच्या वर्षीच, प्रीतम सिंग प्रकरणात सांगून ठेवले आहे. म्हणजे जी चाळणी लावा अशी मागणी आज होते, ती चाळणी पहिल्या वर्षापासून न्यायालयाच्या हातात आहे.

या तरतुदींचा इतिहासही बोलका आहे. १९४९ पर्यंत हिंदुस्थानातील अखेरचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये जात असे, आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार साधारणतः दहा हजार रुपयांचा दावा असल्याशिवाय तिथवर पोचण्याची वाट उघडत नसे. १९३७ मध्ये फेडरल कोर्ट स्थापन झाले, त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत मुकुंद रामराव जयकर होते. पण प्रांत आणि केंद्र यांतील वाद आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा अन्वयार्थ एवढ्यापुरतीच त्या न्यायालयाची प्रमुख अधिकारिता होती, आणि शेतकऱ्याच्या जमिनीचा किंवा फाशी झालेल्या माणसाचा निकाल लंडनकडेच राही. म्हणजे केवळ राज्यघटनेचा अर्थ लावणारे आणि सामान्य माणसाच्या दाव्यापासून दूर असलेले न्यायालय या देशाने पाहिलेले आहे. संविधानकर्त्यांनी ते नको म्हणून दोन्ही अधिकारिता एकाच न्यायालयात आणल्या. प्रारंभी दिवाणी अपिलासाठी वीस हजार रुपयांची मर्यादा ठेवली गेली होती, तीही १९७२ च्या तिसाव्या घटनादुरुस्तीने काढली आणि तिच्या जागी सार्वत्रिक महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नाची कसोटी आणली. पैशाकडून प्रश्नाच्या महत्त्वाकडे झालेली ही वाटचाल आज उलटी फिरवायची आहे काय?

आता पहिले विधान: संविधानिक प्रश्न वेगळे आणि सामान्य अपिले वेगळी. ही विभागणी कागदावर काढता येते, न्यायालयात काढता येत नाही. १९७८ चे होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण घ्यावे. एका कैद्याची विशेष अनुमती याचिका चार वर्षांहून अधिक उशिरा आली, आणि उशिराचे कारण असे की उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत त्याच्या हातात शिक्षा भोगून होईपर्यंत पडलीच नव्हती. न्यायालयाने याचिका गुणवत्तेवर फेटाळली. पण फेटाळताना, तुरुंगातील माणसाला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि गरीब कैद्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हे अनुच्छेद २१ मधील न्याय्य कार्यपद्धतीचे अंग आहे असे ठरवून दिले. राष्ट्रीय अपील न्यायालयाच्या दाराशी बसलेल्या कारकुनाने या याचिकेवर कोणता शिक्का मारला असता? बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या खटल्यातील एका दोषी माणसाची मुदतबाह्य याचिका, एवढेच तिचे वर्णन झाले असते, आणि ती संविधानिक न्यायालयाकडे कधीच गेली नसती. २०१४ चे अर्नेश कुमार प्रकरण तर निव्वळ अटकपूर्व जामिनाचे, म्हणजे ज्या प्रकारच्या याचिकांना सर्वाधिक नावे ठेवली जातात त्या प्रकारचे. त्यातूनच, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करू नये, अटकेची कारणे लेखी नोंदवावीत आणि दंडाधिकाऱ्यांनी ती तपासल्याशिवाय कोठडी देऊ नये, हे बंधन देशभरच्या पोलीस ठाण्यांवर आले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी याहून अधिक संविधानिक काम कोणते, आणि ते एका जामीन अर्जाशिवाय झाले कसे असते?

संविधानकर्त्यांना हे ठाऊक होते, याचा पुरावा संविधानातच आहे. अनुच्छेद १४५(३) नुसार संविधानाच्या अन्वयार्थाचा महत्त्वाचा प्रश्न किमान पाच न्यायमूर्तींनी ऐकावा लागतो. त्याच खंडाला जोडलेले परंतुक, म्हणजे मुख्य नियमाला जोडलेली सवलत वा अट, असे सांगते की पाचांहून कमी न्यायमूर्तींचे पीठ एखादे अपील ऐकत असताना त्यात असा प्रश्न निघाला, तर त्या पीठाने तेवढा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा आणि उत्तर आल्यावर अपील निकाली काढावे. सामान्य अपिलाच्या पोटात संविधानिक प्रश्न सापडतो आणि सुनावणी पुढे सरकल्यावरच तो दिसतो, हे गृहीत धरूनच ही तरतूद लिहिलेली आहे. दोन न्यायालये वेगळी केल्यावर हा प्रश्न एकाकडून दुसऱ्याकडे कसा जाणार, कोण ठरवणार आणि तोवर पक्षकाराने किती वर्षे थांबायचे, याचे समाधानकारक उत्तर फारकतवाद्यांच्या कोणत्याही योजनेत मिळत नाही.

परदेशांचे दाखले याहून दुबळे आहेत. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय वर्षाला साठ-सत्तर प्रकरणांचीच सविस्तर सुनावणी करते, हे खरे. परंतु तेथे प्रत्येक राज्याचा स्वतःचा फौजदारी कायदा, स्वतःचा करार कायदा आणि स्वतःचे सर्वोच्च न्यायालय आहे, आणि राज्याच्या कायद्याचा अर्थ त्या राज्यातच अंतिम ठरतो. भारतात न्यायव्यवस्था एकसंध आहे. एकच न्याय संहिता, एकच करार अधिनियम, एकच दिवाणी प्रक्रिया संहिता गडचिरोलीच्या दंडाधिकाऱ्यापासून गुवाहाटीच्या उच्च न्यायालयापर्यंत लागू होते. २५ उच्च न्यायालये एकच मजकूर वाचतात आणि त्यांचे अर्थ जुळत नाहीत तेव्हा अंतिम अर्थ सांगणारे कोणीतरी असावे लागते. भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले आहेत. त्यांतील नव्या तरतुदींचे अर्थ पुढील अनेक वर्षे वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत वेगवेगळे लागतील. अशा काळात अखेरचे अपील चार शहरांत वाटून टाकायचे म्हणजे एका कायद्याचे चार कायदे करायचे.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव तर या वादाचा निर्णयच करणारा आहे. वर्णभेदाच्या अंतानंतर त्या देशाने संविधानिक प्रश्नांसाठी स्वतंत्र घटना न्यायालय स्थापले आणि इतर सर्व अपिले ब्लूमफाँटेन येथील अपील न्यायालयाकडे ठेवली, म्हणजे भारतातील फारकतवाद्यांना जे हवे आहे नेमके तेच केले. कोणता प्रश्न संविधानिक आणि कोणता नाही हा वाद तेथे सतत उकरला गेला, आणि शेवटी सतराव्या घटनादुरुस्तीने, जी २०१३ मध्ये अमलात आली, घटना न्यायालयाला सार्वजनिक महत्त्वाच्या कोणत्याही कायदेशीर प्रश्नावर अपील ऐकण्याचा अधिकार देऊन त्याला सर्व बाबतींतले सर्वोच्च न्यायालय करण्यात आले. ज्या देशाने हा प्रयोग केला त्यानेच तो मोडीत काढला. मग भारताने तो आता कशासाठी सुरू करायचा?

एकसूत्रतेचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नाही. १९९४ च्या राज्य कायद्याने महाराष्ट्रात मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क सर्व मुलींना दिला. मग प्रश्न निघाला की दुरुस्तीपूर्वी जन्मलेल्या मुलीचे काय आणि जिचे वडील आधीच वारले तिचे काय. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये एक अर्थ लावला, पूर्णपीठाने २०१४ मध्ये तो चुकीचा ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन पीठांचे २०१५ आणि २०१८ चे निकाल परस्परांशी जुळेनात. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हक्क जन्माने मिळतो, असे ठरवले तेव्हा हा गोंधळ संपला. भावाभावांच्या, बहीणभावांच्या वाटणीची ती अपिले होती. देशातील लाखो घरांतील मुलींचा हक्क ज्यांत ठरला ती अपिले क्षुल्लक होती असे कोण म्हणेल?

नागपूरचे उदाहरण आणखी ताजे आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, बालकाला कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सो कायद्यातील लैंगिक हल्ला ठरत नाही, त्यासाठी त्वचेचा त्वचेशी संपर्क हवा, असा निकाल दिला. हा अर्थ टिकला असता तर खालच्या न्यायालयांतील असंख्य खटल्यांचा पायाच ढासळला असता. तत्कालीन ॲटर्नी जनरल स्वतः अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो अर्थ रद्द करून, निर्णायक असतो तो लैंगिक हेतू, असे सांगितले. ते ॲटर्नी जनरल होते के. के. वेणुगोपाल, आणि त्यानंतर आठ दिवसांनी, संविधान दिनाच्या समारंभात, त्यांनी प्रत्येकी १५ न्यायाधीशांची चार अपील न्यायालये स्थापण्याची योजना पुन्हा मांडली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्या योजनेची परीक्षा त्यांच्याच याचिकेने होते. ती योजना अमलात असती तर नागपूरचा निकाल पश्चिम विभागाच्या अपील न्यायालयाकडे गेला असता आणि तेथील निर्णय दक्षिणेतील वा पूर्वेतील न्यायालयावर बंधनकारक राहिला नसता. अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. ते बळ अन्य कोणत्याही अपील न्यायालयाला नाही. आणि विभागांतील मतभेद मिटवण्यासाठी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाकडेच यायचे असेल, तर एक जादा पायरी, एक जादा वकील आणि जादा वर्षे याशिवाय पक्षकाराला काय मिळाले?

राहिला ओझ्याचा मुद्दा. प्रलंबित प्रकरणे ऐंशी हजारांच्या पुढे गेली आहेत, हे कोणी नाकारत नाही. १९५० मध्ये सरन्यायाधीशांसह आठ न्यायमूर्तींची तरतूद होती, २०१९ मध्ये मंजूर संख्या ३४ झाली, तरी ढीग वाढतोच. पण तो वाढवतो कोण? देशातील सर्वांत मोठा पक्षकार सरकार आहे, केंद्राचे आणि राज्यांचे. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारची ६६३ दिवस उशिरा दाखल झालेली याचिका फेटाळताना न्यायालयाने अशा याचिकांना प्रमाणपत्राची प्रकरणे म्हटले, कारण त्यांचा हेतू सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळले असा शेरा मिळवून फाइल बंद करणे एवढाच असतो, आणि राज्यावर २५ हजार रुपयांचा खर्च लादला. ही गर्दी हटवायची असेल तर अपील दाखल करण्याचा निर्णय घेणाऱ्या खात्याला जबाबदार धरावे लागेल. त्याऐवजी दारच बंद केले तर सरकार चार अपील न्यायालयांतही तितक्याच याचिका दाखल करील, कारण त्याला प्रवासाचा आणि वकिलाचा खर्च सोसावा लागत नाही. अडेल तो खासगी पक्षकार.

घटनापीठे बसत नाहीत याचेही खापर अपिलांवर फोडले जाते. कोणते पीठ कधी बसवायचे हे सरन्यायाधीश ठरवतात, अपिले ठरवत नाहीत. २०२२ मध्ये उदय लळित अवघे ७४ दिवस सरन्यायाधीश होते, आणि त्याच ७४ दिवसांत वर्षानुवर्षे रखडलेली अनेक प्रकरणे घटनापीठांपुढे सुनावणीला आली, तीही एकाही नागरिकाचा अपिलाचा मार्ग न रोखता.

दूरच्या दिल्लीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि पूर्वपक्षातील तेवढीच गोष्ट मान्य करण्यासारखी आहे. सावंतवाडीच्या किंवा भामरागडच्या पक्षकाराला दिल्लीचा वकील, दिल्लीचे भाडे आणि दिल्लीची तारीख परवडत नाही. पण या दुखण्यावर नवे न्यायालय हे औषध नव्हे. अनुच्छेद १३० नुसार सरन्यायाधीश राष्ट्रपतींच्या मान्यतेने दिल्लीबाहेर कोठेही सर्वोच्च न्यायालय भरवू शकतात, त्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. अनेक दशकांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. त्या लोकांनी वेगळे, दुय्यम न्यायालय मागितले नव्हते. तेच उच्च न्यायालय, त्याच अधिकारांनिशी, आपल्या गावाजवळ मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत नागरिकांनी याहून कमी का स्वीकारावे?

अखेरचा आक्षेप असा घेतला जातो की सर्वोच्च न्यायालयही चुकते, मग त्याच्या अपिलावर एवढी भिस्त का ठेवावी. ते चुकते, आणि महाराष्ट्राने त्याच्या चुका सोसल्या आहेत. देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले होते, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. परंतु तो निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होता म्हणूनच त्याविरुद्ध देशभर आवाज उठला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. अखेरची चूक साऱ्या देशासमोर घडते तेव्हाच सारा देश तिचा जाब विचारू शकतो. चार शहरांत विखुरलेल्या चुकांचा जाब कोण विचारणार?

संविधान ग्रंथालयात राहत नाही. ते तुरुंगातील कैद्याच्या अर्जात, बहिणीच्या हिश्श्यात आणि लहान मुलीच्या साक्षीत राहते, आणि तेथून ते न्यायालयापर्यंत येण्याचा रस्ता अपील हाच आहे. तो रस्ता तोडणारी कोणतीही योजना, मग ती कितीही थोर विधिज्ञाने मांडलेली असो, सर्वोच्च न्यायालयाला मोठे करीत नाही, ती त्याला नागरिकांपासून दूर नेते. म्हणून २०१६ मध्ये घटनापीठाकडे सोपवलेल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच असले पाहिजे.

महाराष्ट्रातील २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी सुनावली गेली होती; उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. पुढे न्यायालयाने आपला तो निकाल मागे घेऊन तीच अपिले नव्याने ऐकली, तेव्हा दिसून आले की प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून ओळखलेली माणसे निराळीच होती आणि तपासात ती बाजू दडपली गेली होती. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता झाली आणि राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश निघाला. त्यांच्या अपिलात संविधानाच्या कोणत्याही अनुच्छेदाचा नवा अर्थ लावायचा नव्हता.